खूळ : वेड पाहा

शब्दकोश कार्यालयात एकतीस वर्षं काढणारा माणूस दिवसभर नेमकं करतो काय, हे कोशकाकांच्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. "शब्द तर सगळ्यांना येतातच की!" असं त्या म्हणायच्या, आणि जावई समजावून सांगायला बसले की त्यांना हमखास झोप यायची. इमारतीतल्या लोकांची समजूतही फार वेगळी नव्हती. फक्त जिन्यात उभ्या उभ्या झोपेचं सोंग आणता येत नाही, म्हणून ते बिचारे ऐकून घेत. एकदा कोणीतरी कोशकाकांना सहज "बरे आहात ना?" असं विचारलं, तर 'बरा' आणि 'चांगला' यांतला फरक ऐकता ऐकता त्याचं दूध नासलं. खरंच नासलं, पिशवी हातातच होती.

तर या कोशकाकांच्या निवृत्तीला एकोणीस दिवस उरले असताना त्यांच्या टेबलावर एकच शब्द शिल्लक राहिला. शब्द होता 'खूळ'.

तो उगाच शिल्लक राहिला नव्हता. सुधारित आवृत्तीच्या दुसऱ्या खंडाचं काम तीन वर्षं चाललं होतं आणि कोशकाका तीन वर्षं या शब्दाला वळसा घालून पुढे जात होते. कारण नाजूक होतं. एकतीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, त्यांनी स्वतंत्रपणे लिहिलेली पहिली नोंद म्हणजे 'खूळ'. त्यांनी तेव्हा लिहिलं होतं, 'खूळ : वेड पाहा.' बेत असा होता की 'वेड' आलं की तिथं सगळं सविस्तर, झकास लिहायचं. 'वेड' यायला आठ वर्षं लागली, कारण ते सातव्या खंडात होतं. तोवर कोशकाका बेत साफ विसरले होते, आणि एका कंटाळवाण्या दुपारी त्यांनी लिहून टाकलं, 'वेड : खूळ पाहा.' मुद्रितं तीनदा तपासली गेली. दोन्ही खंड शेजारी ठेवून वाचायचं मात्र कोणालाच सुचलं नाही.

सुचलं ते एका निवृत्त शाळामास्तरांना. त्यांचं पत्र आलं त्याला बावीस वर्षं झाली होती. 'महोदय, आपला दुसरा खंड मला सातव्याकडे पाठवतो आणि सातवा दुसऱ्याकडे. दोन्ही खंड वरच्या फळीवर आहेत आणि माझा उजवा खांदा दुखरा आहे. चार दिवस ये-जा करतो आहे. कृपया बाहेर पडण्याचा रस्ता कळवावा.' कार्यालयाने उत्तर धाडलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' ते उत्तर टाइप केलं होतं खुद्द कोशकाकांनीच. मास्तरांचं पत्र त्यांनी खणात, खाली अंथरलेल्या कागदाच्याही खाली ठेवलं आणि खण उघडताना बावीस वर्षं त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळलं.

खंड छापायला जाणार होता बरोबर कोशकाकांच्या निवृत्तीच्या दिवशी. तोवर नोंद दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर तीच ओळ पुढच्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे आणखी तीसेक वर्षं, त्याच जागी बसून राहणार होती. प्रस्तावनेत कोशकाकांचं नाव असणार होतं ते वेगळंच.

कोशकाकांचा अंदाज होता की काम चहाच्या आत होईल. झालंही. त्यांनी लिहिलं, 'खूळ : एखाद्या गोष्टीचा प्रमाणाबाहेरचा व निरुपयोगी ध्यास,' आणि कागद मुख्य संपादकबाईंपुढे ठेवला.

मुख्य संपादकबाई वयाने कोशकाकांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि हुद्द्याने तितक्याच मोठ्या. त्या कोणाला नावाने हाक मारत नसत, हुद्द्याने मारत. त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातात कायम एक लाल पेन्सिल असे, आणि बहुतेक संभाषण ती पेन्सिलच करत असे.

"सहायक संपादक, प्रमाणाबाहेरचा म्हणजे किती?" बाईंनी विचारलं. "प्रमाण कोणी ठरवलं?"

"म्हणजे... साधारण..."

"आणि हेच जर खूळ, तर नाद म्हणजे काय? छंद म्हणजे काय? वेड म्हणजे काय?" पेन्सिल दोनदा टेबलावर वाजली. "हा अर्थ तुम्ही खुर्चीत बसून लिहिलाय. लोक हा शब्द कधी काढतात, कोणाबद्दल काढतात, ते बघा. बोलण्यातली तीन उदाहरणं आणा. नियम अकराप्रमाणे."

नियम अकरा ऐकताच कोशकाकांनी आपला कागद परत घेतला. बोलण्यातलं उदाहरण घ्यायचं तर ते चिठ्ठीवर उतरवायचं, प्रसंग लिहायचा, खाली बोलणाऱ्याची सही घ्यायची आणि शिवाय ते ऐकणाऱ्या एका साक्षीदाराची सही घ्यायची, असा तो नियम. इतका छळवादी नियम कोणाच्या डोक्यातून निघाला असेल असं तुम्हाला वाटेल. तो कोशकाकांच्याच डोक्यातून निघाला होता. अठरा वर्षांपूर्वी एक सहकारी घरबसल्या वाक्यं रचून ती आपल्या आत्याच्या नावावर खपवत असे, आणि ती आत्या मुळात नव्हतीच. ते प्रकरण कोशकाकांनी उघडकीला आणलं, नियम लिहिला आणि त्या दिवशी घरी जाऊन अभिमानाने सांगितलाही. आता तक्रार करायची तरी कोणाकडे?

घरी पुढच्या खोलीत काकूंचं शिवणकाम चालायचं. पँटी आखूड करायच्या, कोट सैल करायचे, शाळेचे गणवेश, दवाखान्याचे पांढरे डगले, सगळं काही. मधोमध कापड बेतायचं मोठं टेबल, भिंतीला बटणांचे पत्र्याचे डबे, आणि गिऱ्हाइकांची मापं लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा एक डबा. या चिठ्ठ्या कोशकाकांनीच कार्यालयातून आणलेल्या रद्दीतल्या होत्या. तोच कागद, तोच आकार. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण कोशकाकांच्या ती लक्षात राहिली नाही.

त्या संध्याकाळी ते खिशात कोऱ्या चिठ्ठ्या भरून आले आणि टेबलाशेजारी स्टुलावर गुपचूप बसले.

काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी त्या काढल्या. "काय हो, बरं नाही का?"

"बरा आहे. तू बोल."

"काय बोलू?"

"नेहमीसारखं. मी इथं नाहीच असं समज."

काकूंनी त्यांच्याकडे, मग त्यांच्या हातातल्या पेन्सिलीकडे, मग खिशातून डोकावणाऱ्या चिठ्ठ्यांकडे बघितलं. "आता हे काय नवीन खूळ?"

कोशकाका ताडकन उठले. "वा! परत म्हण! अगदी तसंच! आणि इथं सही कर."

"सही? मी काय गुन्हा कबूल करतेय? समोर कापलेला कपडा पडलाय आणि सह्या कसल्या मागताय! सरका उजेडातून."

पहिली चिठ्ठी अशी बिनसहीची राहिली.

दुसऱ्या दिवशी ही बातमी जिन्यातून वर गेली आणि सल्ले खाली आले. वरच्या मजल्यावर एक निवृत्त रेल्वे गार्ड राहत. नोकरी संपली तरी खिशातलं घड्याळ संपलं नव्हतं. "लोकांना असं विचारून ते बोलणार नाहीत," गार्डसाहेब म्हणाले. "माणूस वेळापत्रकाबाहेर पकडावा लागतो. साक्षीदार म्हणून मी आहेच. चार वाजून सतरा मिनिटं, लिहा." कोणी काहीच बोललं नव्हतं, तरी त्यांनी एका कोऱ्या चिठ्ठीवर सही करून टाकली. तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई राहत. त्यांनी कोशकाकांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, निदान कोशकाकांना तसं वाटलं, आणि शेवटी त्या म्हणाल्या, "खालचा डावीकडचा एकदा दाखवून जा." इमारतीच्या सेक्रेटरींनी तर हातच वर केले. सामायिक जिन्यात लोकांचं बोलणं टिपून घेणं नियमात बसत नाही, अर्ज करा, असं ते म्हणाले. छापील अर्जात कारणं चार होती : नळ, वीज, पाळीव प्राणी आणि इतर. कोशकाकांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या दोन बोटं जागेत सगळा इतिहास लिहायचा प्रयत्न केला. अर्ज 'अक्षर लागत नाही' म्हणून परत आला. दुसऱ्या अर्जात त्यांनी नुसतं 'शब्द' असं लिहिलं, तो मंजूर झाला.

आणि टपालपेट्यांशेजारी काकूंचा एक बिस्किटांचा डबा, वरून फट पाडून, टांगला गेला. वर सूचना : 'आपण खूळ हा शब्द कोणाबद्दल, कधी वापरता ते लिहून सहीनिशी टाकावे.'

पहिल्या दिवशी दोन चिठ्ठ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस.

लोकांना काय, वर्षानुवर्षं मनात साठलेलं बोलायला सरकारी थाटाची जागा मिळाली होती. 'दुसऱ्या मजल्यावरच्यांना कपाट सरकवायचं खूळ आहे. चारही भिंती झाल्या, आता काय छताला लावणार?' 'सेक्रेटरींना नोटिसा लावायचं खूळ आहे. भिंतीवर नोटिसा लावू नयेत, अशीही एक लावली आहे.' गार्डसाहेबांनी लिहिलं, 'डॉक्टरीणबाईंना समोरच्याचे दात बघायचं खूळ आहे. मी काय बोलतो इकडे लक्षच नसतं.' डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, 'गार्डसाहेबांना घड्याळाचं खूळ आहे. मी दवाखान्यात निघाले की खिडकीतून वेळ ओरडून सांगतात.' आणि अठरा वेगवेगळ्या हस्ताक्षरांत एकच वाक्य होतं, 'कोशकाकांना खूळ या शब्दाचंच खूळ लागलंय.'

ही अठरा वाक्यं कोशकाकांना लागली. त्यांनी त्या सगळ्यांवर लाल शाईने 'पुनरुक्ती' असा शेरा मारला आणि त्या गठ्ठ्याच्या तळाशी ठेवल्या. बाकी मात्र ते खुशीत होते. हव्या होत्या तीन, आल्या तीनशे! थांबायचं सोडून त्यांनी डब्याशेजारी दुसरा डबा टांगला. घरात त्यांनी चिठ्ठ्यांचे गट पाडायला घेतले : रागाचं खूळ, कौतुकाचं खूळ, वस्तूंचं खूळ, वेळेचं खूळ. गटांना डबे हवेत म्हणून बटणं चहाच्या बरणीत गेली, चहा पातेल्यात गेला आणि दूध तापवायचं कशात हा प्रश्न काकूंनी एकटीने सोडवला. "साक्षीदारांच्या सह्या घेतल्यात का?" असं काकूंनी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "त्या काय, एका दिवसात होतील."

चौदाव्या दिवशी समितीची बैठक होती. कोशकाकांनी गडबडीत टेबलावरचा चिठ्ठ्यांचा डबा उचलला आणि निघाले.

समितीत मुख्य संपादकबाईंशिवाय व्याकरणाचे सल्लागार आणि छपाईचे अधिकारी होते. सल्लागारांनी चष्मा चढवला, पहिली चिठ्ठी काढली आणि गंभीर आवाजात वाचली. "'कंबर छत्तीस. खांदे उतरते. पोटावर सैल हवं, पण सैल आहे असं दिसता कामा नये.'" ते थांबले. "सहायक संपादक, 'खांदे उतरते' यात निराशा सुचवायची आहे का?"

कोशकाकांनी लांबूनच काकूंचं अक्षर ओळखलं.

"हे दुसरं बघा," सल्लागार रंगात आले होते. "'डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा इंच लांब. त्यांना सांगू नये.' फार मार्मिक आहे. पण यात आपला शब्द कुठे आला?"

बाईंनी डबा हातात घेतला, दहा-बारा चिठ्ठ्या चाळल्या आणि झाकण लावलं. "साक्षीदाराची सही एकाही चिठ्ठीवर नाही," एवढंच त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. तेव्हाही नसली तर जुनी नोंद जाईल."

मापांचा डबा समितीकडे आला होता म्हणजे खुळांचा घरी राहिला होता, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. काकूंनी त्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा पांढरा डगला तयार केला, नेहमीप्रमाणे डब्यातली वरची चिठ्ठी कॉलरला टाचली आणि पाठवून दिला. डॉक्टरीणबाईंनी तो दवाखान्यात अंगात घालता घालता चिठ्ठी वाचली. ती नेमकी गार्डसाहेबांची होती. आणि गार्डसाहेब नेमके त्याच वेळी समोरच्या खुर्चीत, तोंड उघडून, आडवे पडले होते.

"दात काढायचाच होता म्हणा," संध्याकाळी सुजलेला गाल धरून गार्डसाहेब सांगत होते, "पण कोशकाका, त्यांनी दाताकडे बघितलंच नाही हो. सगळा वेळ माझ्या डोळ्यांत बघून काढला!"

एवढ्यावर भागलं नाही. सेक्रेटरींच्या मापाची चिठ्ठी समितीपुढे वाचली जात होती, तेव्हा इकडे त्यांची पँट काकूंनी आठवणीने बेतली होती, आणि आठवण निघाली दुसऱ्याच कोणाची. सेक्रेटरी नडगीपर्यंतची पँट घालून, मुद्दाम घालूनच, दारात उभे राहिले. त्यांनी नोटीस लावली : 'सर्व चिठ्ठ्या ज्याच्या त्याला तीन दिवसांत परत कराव्यात. हा शब्द जिन्यात उच्चारू नये.' डॉक्टरीणबाईंचा निरोप आला की पुढचे डगले त्या दुसरीकडे टाकतील.

कोशकाकांना वाटलं, आता काकू तोफ डागणार. ते खाली मान घालून वाट बघत बसले. पण काकू एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. जेवायला वाढलं, पाणी दिलं, मशीन चालवलं, सगळं गप्प.

हे मात्र कोशकाकांना सोसेना. समितीने परत पाठवलं ते चाललं असतं, सेक्रेटरींची नडगीही चालली असती. पण ज्या घरात दिवसातून निदान एकदा "काय हे खूळ!" ऐकू यायचं, तिथं आता नुसतं मशीन वाजत होतं. त्यांनी मुद्दाम प्रयत्न करून पाहिले. फळीवरच्या बरण्या अकारविल्ह्याने लावल्या. काकूंनी 'म'मधून मीठ काढलं, 'स'मधून साखर काढली आणि गप्प राहिल्या. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ आहे का ते पट्टीने मोजलं, दोनदा मोजलं. काकूंनी पट्टी हातातून काढून घेतली, कारण ती त्यांची होती, आणि कापड मोजायला लागल्या. कोशकाका खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तिथं त्यांना खरोखर रडू आलं.

रविवारी दुपारी ते टेबलाशेजारच्या स्टुलावर येऊन बसले. "सोडून दिलं," ते म्हणाले. "जुनीच नोंद जाऊ दे. चिठ्ठ्या वेगळ्या करू, लोकांच्या परत देऊन येतो. तुझ्या मापांचा फार घोळ घातला मी."

काकूंनी मशीन थांबवलं. सगळे डबे टेबलावर पालथे केले आणि दोघं निवडायला बसली. मापं इकडे, खुळं तिकडे. काकू प्रत्येक चिठ्ठी वाचून ठेवत होत्या. मधेच त्यांना हसू फुटलं, कपाटवाल्या चिठ्ठीला. मग त्या हळूहळू वाचू लागल्या.

"अहो," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "यात परक्या माणसाबद्दल एक तरी आहे का?"

"म्हणजे?"

"रस्त्यावरचा, बसमधला, कोणी अनोळखी. तीनशे चिठ्ठ्या आहेत. बघा ना."

कोशकाकांनी बघितलं. नवऱ्याबद्दल होत्या, सासऱ्यांबद्दल होत्या, भावाबद्दल, मुलीबद्दल, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याबद्दल होत्या. अनोळखी माणसाबद्दल एकही नव्हती.

"बसमध्ये एखादा परका माणूस बरण्या अकारविल्ह्याने लावत बसला," काकू म्हणाल्या, "तर मी काय म्हणेन? वेडा दिसतोय. आणि उठून दुसरीकडे बसेन. तुम्हाला मी एवढ्या वर्षांत कधी वेडा म्हटलंय?"

"नाही."

"खूळ म्हणते. कारण मला उठून दुसरीकडे बसायचं नसतं."

कोशकाका काकूंकडे बघतच राहिले. एकतीस वर्षं ते शब्दाच्या मागे होते, आणि तो तीन हातांवर, टाचण्यांच्या उशीशेजारी, रोज बोलला जात होता. त्यांनी या वेळी खिशातून चिठ्ठी काढली नाही. त्यांना ते सुचलंच नाही.

"फार सोसलंस तू माझं," ते म्हणाले.

"सोसलं कुठं? बोलून दाखवलं की रोजच्या रोज. बोलले, म्हणून सोसावं लागलं नाही." काकूंनी एक कोरी चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली. "लिहून घ्या आता. नाहीतर विसराल आणि परत मलाच विचाराल. आणि ती माझी पहिली चिठ्ठी कुठंय? आणा, सही करते."

सोमवारी कोशकाका चिठ्ठ्या परत करायला निघाले. आधी तळमजला. डॉक्टरीणबाईंनी दार अर्धंच उघडलं. कोशकाकांनी त्यांची चिठ्ठी त्यांना दिली, झाल्या प्रकाराची माफी मागितली आणि काकूंनी सांगितलेला अर्थ, त्यांच्या मानाने थोडक्यात म्हणजे दहा मिनिटांत, सांगितला. डॉक्टरीणबाईंनी दार पूर्ण उघडलं.

"गार्डसाहेबांची ती चिठ्ठी अजून माझ्या डगल्याच्या खिशातच आहे." त्यांनी ती काढून पुन्हा वाचली. "खरं आहे हो. आत्ताही मी तुमचा खालचा डावीकडचाच बघत होते. याला साक्षीदार हवाय ना? मी करते सही. माझ्याइतकं नीट कोणी ऐकलंय ते?"

आणि त्यांनी स्वतःविरुद्धच्या चिठ्ठीवर साक्षीदार म्हणून सही केली आणि आपली चिठ्ठीही कोशकाकांच्या हातात परत ठेवली. कोशकाका जिना जवळजवळ पळतच चढले. वर गार्डसाहेबांनी घड्याळाबद्दलची चिठ्ठी वाचली, घड्याळ बघितलं, घड्याळ बघितल्याबद्दल स्वतःच ओशाळले आणि सही केली. "दहा वाजून बावन्न," ते म्हणाले. "त्या रोज चार मिनिटं उशिरा निघतात. कोणीतरी सांगायला नको?" मग ते स्वतःच खाली गेले, सुजलेल्या गालाने, आणि डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत बोलावलं. संध्याकाळपर्यंत काकूंकडे दोन डगले येऊन पडले. सेक्रेटरींची पँट काकूंनी नव्याने शिवून दिली. नोटीस त्यांनी काढली नाही, पण खाली 'कामापुरता उच्चार चालेल' अशी पुरवणी जोडली.

मंगळवार, शेवटचा दिवस. अकराला पाच कमी असताना कोशकाका समितीपुढे बसले होते. तीन चिठ्ठ्या : एक काकूंची, तिला साक्षीदार स्वतः कोशकाका, कारण ऐकावं लागलं होतं त्यांनाच. एक गार्डसाहेबांची, एक डॉक्टरीणबाईंची. मुख्य संपादकबाईंनी नवी नोंद वाचली. "'खूळ : आपल्या माणसाने डोक्यात घेतलेला, आपल्याला न पटणारा आणि तरीही आपण चालवून घेतलेला ध्यास. परक्याच्या बाबतीत सहसा हा शब्द वापरत नाहीत.'" लाल पेन्सिल हवेतच थांबली होती.

"नियम अकरा, पोटकलम तीन," व्याकरणाचे सल्लागार म्हणाले. "एकमेकांनी एकमेकांना दिलेली साक्ष असेल तर दोन चिठ्ठ्या एकच धरायच्या. गार्ड आणि डॉक्टर मिळून एक. म्हणजे एकूण दोनच झाल्या."

पोटकलम तीनही कोशकाकांचंच. त्या आत्याप्रकरणात एक मावशीही निघाली होती, तेव्हा त्यांनी ते जोडलं होतं.

छपाईच्या अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि जुन्या पानाचा कागद पुढे ओढला. नियम बरोबर होता. कोशकाकांनी आपले कागद गोळा केले, आणि त्या कागदांत एक पिवळं पडलेलं पत्र होतं. नोंद मंजूर झाली तर त्यावरचा पत्ता लागेल म्हणून त्यांनी सकाळी खणातून काढलं होतं. ते घसरून बाईंपुढे पडलं.

बाईंनी ते वाचलं. दुसरा खंड, सातवा खंड, दुखरा खांदा, बाहेर पडण्याचा रस्ता. तारीख बघितली.

"हे पत्र तुम्ही बावीस वर्षं खणात ठेवलंत?"

"हो."

"उत्तर गेलं होतं याला. प्रकरण बंद झालेलं आहे. आणि तुम्ही या एका माणसासाठी, तीनशे चिठ्ठ्या, इमारतीत डबे..." बाईंच्या आवाजाला काहीतरी झालं. "काय हे खूळ, कोशकाका!"

सल्लागारांनी चष्मा काढला. पंधरा वर्षांत बाईंनी त्यांना सहायक संपादक याशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

बाईंच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी लाल पेन्सिल बाजूला ठेवली, एक कोरी चिठ्ठी ओढली, आपण नुकतंच उच्चारलेलं वाक्य स्वच्छ अक्षरात लिहिलं, प्रसंगाच्या जागी 'निरोपाचा दिवस' असं लिहिलं आणि खाली सही केली. मग ती चिठ्ठी त्यांनी कोशकाकांकडे सरकवली. "साक्षीदार," त्या म्हणाल्या.

कोशकाकांनी सही केली. ती इतकी वेडीवाकडी आली की सल्लागारांना तीही एकदा तपासून बघावीशी वाटली, पण त्यांनी मोह आवरला. अकरा वाजून दोन मिनिटांनी पान छापायला गेलं.

घरी आल्यावर कोशकाकांनी काकूंना सगळं सांगितलं, आणि काकूंना झोप आली नाही. त्यांनी नोंदीची प्रत दोनदा वाचली. पहिलं उदाहरण त्यांचंच होतं, 'आता हे काय नवीन खूळ?' आणि पुढे कंसात 'शिवणकाम करणारी स्त्री' असं होतं.

"अर्थ तुझा आहे," कोशकाका म्हणाले. "प्रस्तावनेत नाव माझं जाणार. खरं तर तुझे उपकारच आहेत. तू नसतीस तर मास्तर अजून त्या दोन खंडांत फिरत राहिले असते, आणि मीही."

"बरं बरं," काकू म्हणाल्या, पण प्रत त्यांनी खाली ठेवली नाही.

कोशकाका पोस्टकार्ड घेऊन बसले. 'आदरणीय मास्तर, बाहेर पडण्याचा रस्ता सापडला आहे. उशिराबद्दल क्षमा असावी.' त्यांनी पत्ता लिहिला, खाली सही केली आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं ओझं उतरल्यासारखे मागे टेकून बसले.

"अहो," काकू म्हणाल्या. त्या अजून नोंदच वाचत होत्या. "मास्तर दुसऱ्या खंडात शिरले तर बाहेर पडतील. पण ते सातव्या खंडातून आले तर?"

"म्हणजे?"

"'वेड'च्या पानावर अजून 'खूळ पाहा' असंच असेल ना? आणि इथं तर तुम्ही लिहून बसलात, खूळ म्हणजे वेड नव्हे. मग ते बिचारे वेड शोधायला आले तर जायचे कुठं?"

कोशकाका हळूहळू ताठ झाले. सातव्या खंडाचं काम चार वर्षांनी निघणार होतं. ते तर आज निवृत्त झाले होते. त्यांनी लिहिलेल्या पोस्टकार्डाकडे बघितलं, मग काकूंकडे बघितलं.

काकू उठल्या. त्यांनी चहाच्या बरणीतली बटणं परत डब्यांत भरून ठेवली होती. त्यातला एक डबा उघडून त्यांनी बटणं पुन्हा बरणीत ओतली, रिकामा डबा फडक्याने आतून पुसला आणि कोशकाकांच्या पुढ्यात ठेवला.

"या वेळी मात्र," त्या म्हणाल्या, "चिठ्ठ्या निळ्या कागदाच्या घ्या."